शेजारची दाढ

बायकोच्या दाढेवर दिव्याचा झोत पडला आणि डॉक्टरीणबाई गप्प झाल्या. डॉक्टर गप्प झाले की मला बोलावंसं वाटतं, मास्तरकीची सवय.

महागावातला एका खोलीचा दवाखाना. "ही दाढ भरून टाकू," बाई म्हणाल्या. "पण शेजारच्या दाढेवर हा खडूसारखा डाग बघा, सर. कीड नुकती लागतेय. खड्डा नाही अजून." भरायला दोन मसाले होते. एक चकचकीत, हुबेहूब दातासारखा. दुसरा मळकट, कमी टिकणारा. पण त्यातून थोडं थोडं फ्लोराइड झिरपतं आणि शेजारची कीड थोपवायला मदत होऊ शकते.

फ्लोराइड! झरी जामणीत मी बरीच वर्षं शिकवलं. तिथल्या पाण्यात ते फार, त्यानं पोरांचे दात तपकिरी झालेले. हसताना ती ओठांवर हात धरायची. शेवटी हे पाणी पिऊ नये म्हणून हापशीला लाल रंग आम्हीच फासला.

"ज्याच्यापायी हापशी लाल केली, ते हिच्या तोंडात भरता?"

"सर, ते पाणी वाढत्या वयात रोज पोटात जायचं. हे कणभर, दातापाशीच."

मी ऐकतोय कसला! ग्रामसभेतलं जुनं भाषण पुन्हा केलं, सविस्तर. बायको आ वासून, गालात कापूस घेऊन आडवी. तिचं मत मी विचारलं नाही. चकचकीत मसाला भरला गेला.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "दाढ माही, नं भाषण तुमचं."

काही महिन्यांनी ती पाणी कोमट करून प्यायला लागली. मग एका बाजूनंच जेवायला लागली. मी विचारलं की म्हणायची, "काही नाही." जीभ मात्र सारखी त्याच कोपऱ्यात.

एक्स-रेवर भरलेली दाढ झकास दिसत होती. तिला टेकलेल्या दाढेत काळी सावली उतरली होती.

"तो दुसरा मसाला असता, तर थांबलं असतं?" मी विचारलं.

"सांगता येत नाही. कदाचित." बाईंनी पुन्हा फिल्म उजेडात धरली. "कीड आतल्या नसेपर्यंत गेली असेल, तर दाढ वाचेल की नाही ते उघडल्यावरच कळेल."

"तुमाले पटते ते करा, बाई," बायको म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, "तुम्ही बाहीर बसा."

मी बाकावर बसलो. आत मशीन सुरू झालं आणि फार लवकर थांबलं, कोरायला फारसं काही उरलंच नसल्यासारखं. बाई काहीच बोलेनात.

या वेळी मलाही बोलावंसं वाटलं नाही.