सर्व्हर बदलला तेव्हाचे माझे पराक्रम

एकाच कारखान्यात अठरा वर्षं काढली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपोआप साचतात. देवासला जुनी मित्रमंडळी जमली की फर्माईश येते, "भिया, वो सर्व्हरवाला सुना!" मी सांगतो, सगळे हसतात, मीही हसतो. पण घरी परतताना कान गरम असतात. कारण प्रत्येक किश्श्यातलं गाढव एकच, आणि ते मी!

आमचा एक प्लांट देवासला, दुसरा धारला. दोन्हीकडची ईमेल मी सांभाळायचो. जुना सर्व्हर एका परदेशी कंपनीचा. त्याच्या लायसन्सवर पन्नासच माणसं. एकावन्नावा आला की एकाला काढा! नवा इंजिनियर आला तेव्हा मी स्टोअरच्या बाबूलालजींचं खातं बंद केलं. ते कशाला मेल बघतात, म्हणून त्यांना सांगितलंही नाही.

महिन्याभराने ते माझ्या टेबलाशी आले आणि हळूच म्हणाले, "भिया, म्हारे रिटायर कर दियो कंई? कोई चिट्ठी ई नी आवे."

त्यांच्या रिटायरमेंटला अजून सहा वर्षं होती.

*

शेवटी ओपन सोर्सवर जायचं ठरलं. लिनक्सवर चालणारा मेल सर्व्हर, खाती हवी तितकी. आमचे जी.एम. देशमुखसाहेब घाबरले. "ओपन? म्हणजे आमची पत्रं कुणीही वाचणार?"

मी भर मीटिंगमध्ये ऐटीत म्हणालो, "सर, प्रोग्राम कसा लिहिलाय तेवढंच उघडं. पत्रं बंद. हात लावायची कुणाची मजाल आहे!"

आणि घाईघाईत सगळ्यांना एकच पासवर्ड देऊन टाकला. 'नंतर बदलून घ्या' हे सांगायचं राहिलंच. तिसऱ्या दिवशी साहेबांच्या खात्यावरून अख्ख्या प्लांटला मेल गेला : उद्या रंगपंचमी, सर्वांना सुट्टी!

दुसऱ्या दिवशी प्लांटवर दोघंच होतो. साहेब आणि मी. साहेबांनी शांतपणे विचारलं, "मग? कुणाची होती ही मजाल?"

*

नव्या सर्व्हरवर एक छान सोय होती. आपण रजेवर गेलो की 'मी रजेवर आहे' असं उत्तर आपोआप जायचं. मी ती उत्साहाने सगळ्यांना लावून दिली. धारच्या शैलाताई आणि देवासचे जोशी एकाच वेळी रजेवर गेले. यांचं उत्तर त्यांना, त्यांचं उत्तर यांना, परत यांचं त्यांना! दुपारपर्यंत दोन्ही प्लांटची मेल ठप्प.

मी शैलाताईंना फोन लावून तडकलो, "ताई, काय करून ठेवलंत हे?"

"मी अमझेऱ्याला नणंदेच्या लग्नात आहे, हात हळदीचे आहेत," त्या म्हणाल्या. "तूच म्हणालास ना, ही सोय लावून निश्चिंत जा? मी निश्चिंत आहे. तू बघ."

*

एकदा धारचं काम लवकर आटोपलं आणि मी सरळ मांडू गाठलं. एका हॉटेलात दालबाफले मागवले, तोच साहेबांचा फोन. "मेल बंद आहे. कुठे आहात?"

"सर, देवासला परत येताना वाटेत अडकलोय. गाडी पंक्चर!"

"स्टेपनी देऊ का?"

आवाज फोनमधून आला आणि पाठीमागूनही. साहेब पाहुण्यांना मांडू दाखवायला आले होते. मागच्याच टेबलावर बसले होते!

*

धारच्या डिस्पॅचमध्ये भिसेकाका होते. जुन्या दरबारी घराण्यातले, बोलणं अदबीचं. कॉम्प्युटर त्यांच्या नशिबी आला तो रिटायरमेंटच्या तोंडावर. दोन बोटांनी टाइप करायचे.

जुनी पत्रं नव्या सर्व्हरवर नेताना माझ्या हातून डिस्पॅचचा तीन महिन्यांचा पत्रव्यवहार उडाला. बॅकअप घेतलाच नव्हता. साहेब धारला आले आणि त्यांनी जाब विचारला. माझ्या तोंडून निघून गेलं, "काकांकडून डिलीट झालं असेल, सर. त्यांना कुठे एवढं कळतं."

काका तिथेच उभे होते. माझ्याकडे एकदा बघून म्हणाले, "असेल साहेब. माझ्याच हातून झालं असेल."

साहेब त्यांना सगळ्यांदेखत खूप बोलले. मी कीबोर्डकडे बघत राहिलो.

आठवड्याभराने काकांची उरलेली पत्रं नव्या सर्व्हरवर चढवली. नीट आलीत का हे बघायला एक उघडलं. नेमकं बोलणी बसली त्याच दिवशीचं, काकांनी साहेबांना पाठवलेलं. रोमन अक्षरांत मराठी : 'चूक सर्वस्वी माझी. मुलगा कष्टाळू आहे, त्यास बोल लावू नये. मला न रागावता शिकवणारा तो एकटाच.'

मी ते बंद केलं. मग काकांना फोन केला.

"काका, तुमची पत्रं आली सगळी."

"वा! उघडून पाहिलीस?"

"नाही काका," मी म्हणालो.

"पाहायचं होतंस रे एखादं," काका म्हणाले.