आधी ओळख, मग निरोप

ये गं, अशी जवळ बस. तो मोबाईल आधी पालथा ठेव. मघाशी अण्णांनी दारात तुला "कुणापैकी?" म्हणून विचारलं आणि तू तोंडाला ओढणी लावून हसलीस, ते मला काही बरं वाटलं नाही. पुण्याहून केस एवढेसे कापून आलीस, माणसानं ओळखायचं कसं? लग्न झालेल्या लेकीला रागवू नये म्हणतात, पण ऐकून घे. तुझ्या काकूचा हा भाऊ, म्हणजे माझ्या जावेचा, याच्याइतका संशयी माणूस निपाणीपासून बेळगावापर्यंत दुसरा सापडायचा नाही, आणि याच्याइतका भरवशाचाही.

अण्णा घरी बसून कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहितात हे तुला ठाऊक आहे. इथली माहिती तिथं पाठवायची, पण वाटेत कुणाला वाचता येता कामा नये, हे त्यांचं काम. लोक काम संपलं की उठतात. अण्णांचं काम त्यांच्याबरोबर उठतं, जेवायला बसतं, बाजारातही जातं. गॅसवाला दारात आला की त्याला आत घ्यायच्या आधी ते एजन्सीला फोन करणार, आणि तोही त्यानं दिलेल्या नंबरावर नाही, आपल्या वहीतल्या नंबरावर. तोवर तो बिचारा खांद्यावर सिलिंडर घेऊन उभा. फोनवर तर बायकोलाही सूट नाही. एकदा ती माहेरच्या कुणाच्या तरी फोनवरून बोलली, तर म्हणाले, "आवाज वळकीचा हाय, पण तू कुणाची?" ती म्हणाली, "तुमचीच. दुसऱ्या कुणी घेतलं न्हाय म्हणून." तेव्हा कुठं त्यांची खात्री पटली.

एका संक्रांतीला त्यांनी बेळगावात शहापूरला बहिणीकडं, म्हणजे माझ्या जावेकडं, तिळाच्या पोळ्या पाठवल्या, ओळखीच्या ड्रायव्हरबरोबर. डब्यात आठ पोळ्या आणि फोनवर आधीच निरोप, "आठ हायत, मोजून घे." डबा उघडला तर सात. वाटेत ड्रायव्हरला भूक लागली असेल, माणूसच तो. जाऊ म्हणाली, राहू दे की. पण अण्णा म्हणाले, "मधी कुणी उघडलं असंल तर ते आमचं न्हवंच. सगळं परत पाठव." सातच्या सात पोळ्या परत आल्या. त्यांच्या बायकोनं दोन दिवस अबोला धरला, आणि पोळ्या तिसऱ्या दिवशी गाईला गेल्या.

मी एकदा विचारलं, "अण्णा, तुमच्या त्या प्रोग्राममधी असतंय तरी काय?" तर खूष झाले. म्हणाले, "आक्का, बेळगावच्या खडेबाजारात दोन व्यापारी भेटलं की आधी काय करत्यात? कानडीत बोलायचं का मराठीत, ते ठरवत्यात. मग तू कुणापैकी, तुझी खात्री कोण देणार, ते बघत्यात. मग दोघंच मिळून कुलूप ठरवायचं, किल्ली दोघांकडंच. एवढं झालं की मग गोष्ट बोलायची." मी म्हटलं, "म्हंजे सोयरीक जमवायची तसंच की." "व्हय," म्हणाले, "फकस्त हितं मधला मामा खोटं बोलत न्हाय."

आता खरं सांगते. हे तुला कधी सांगितलं नव्हतं. तुझ्या लग्नाला बारा दिवस होते तेव्हा मला छातीत गाठ लागली. मी एकटीच बेळगावला जाऊन डॉक्टरांना दाखवून आले. तपासणी निपाणीच्या लॅबमध्ये झाली, आणि रिपोर्ट तिथून दवाखान्यात पाठवायचा प्रोग्राम अण्णांनीच करून दिलेला. डॉक्टर त्या दिवशी दोनपर्यंतच बसणार, मग आठवडाभर परगावी. आत्ताच कापायचं की लग्न होऊ द्यायचं, ते रिपोर्ट बघून ठरणार होतं. घरात पाहुण्या बायका चकल्या घालत बसलेल्या. मी हलले असते तर सगळ्यांनी विचारलं असतं.

आणि नेमका त्या सकाळी प्रोग्राम अडला. दवाखान्याच्या मशीनच्या ओळखपत्राची मुदत आदल्या दिवशी संपलेली. नवं घ्यायला दवाखान्यातले लोक विसरले होते, आणि लगेच मिळेना. लॅबवाल्या बाईंनी अण्णांना बोलावलं. म्हणाल्या, "अण्णा, एवढी ओळखपत्राची तपासणी बंद करा की. प्रोग्राममधली एक ओळ तर हाय. दवाखाना काय बदललाय व्हय?"

"तोच हाय हे तुम्हाला ठाऊक. प्रोग्रामला कुठं ठाऊक हाय?"

"मग व्हॉट्सॲप करते."

दवाखान्यातला व्हॉट्सॲपचा मोबाईल कुणाच्या हातात असायचा, माहीत आहे? तुझ्या सासूच्या चुलतभावाच्या; लग्नाच्या तोंडावर तिकडं सगळं कळलं असतं. अण्णांना ते ठाऊक होतं. त्यांनी लॅबवाल्या बाईंना रिपोर्ट पाकिटात घालून, चिकटवून आपल्या हातात द्यायला सांगितला, शर्टाच्या आत ठेवला, आणि बेळगावची बस धरली.

साडेबाराला मला फोन. माझे हात पिठात. "आक्का, डॉक्टर सोडून कुणाला ठाऊक न्हाय असं सांगा, परवा दवाखान्यात तुम्ही काय विसरला व्हय?" मी म्हटलं, "चष्म्याचं घर." शेजारची म्हणाली, "काय विसरलं वो?" मी म्हटलं, "मांडवाला झालर सांगायची." तिकडं अण्णा टेबलासमोर उभे. नर्सनं हात पुढं केला तर दिलं नाही. डॉक्टरांनाही तेच विचारलं, पेशंट काय विसरून गेल्यात? डॉक्टर वैतागले, मग हसले, आणि खण उघडून चष्म्याचं घर टेबलावर ठेवलं. तेव्हा पाकीट सुटलं.

डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवस थांबता येईल. तुझं लग्न झालं. मग मी "जावेकडं चार दिवस" म्हणून शहापूरला राहिले, ते ऑपरेशनसाठी. आता बरी आहे मी. डोळे पूस. अण्णा तेव्हा केळी घेऊन आले, खाटेशी बसले आणि एवढंच म्हणाले, "पोचलं न्हवं नीट?" मी म्हटलं, "पोचलं."

त्यांनी पुढं काही विचारलं नाही. कसली गाठ होती, किती वाईट होती, आजपर्यंत नाही. दोन तास छातीशी धरून नेलं, पण आत काय होतं ते त्यांना अजून माहीत नाही. लॅबनं आता दुसऱ्या कंपनीचा प्रोग्राम घेतलाय. अण्णा कट्ट्यावर बसून असतात, थोडे थकलेत. मला वाटतं, आपल्या माणसाला एवढं तरी आपण होऊन सांगायला हवं होतं. एकटीनं सांगायला जीभ रेटत नाही बघ. आज तर तुला लगेच परतायचंय, पण पुढच्या महिन्यात ये, दिवाळीची वाट बघू नको. दोघी मिळून त्यांच्याकडं जाऊ.