पॉडकास्टवर दिलेलं उत्तर

गोधडीचा कोंदट वास आला की आमच्या मेडशी गावातली ती दुपार आठवते. माझ्या पहिल्या पुस्तकाबद्दल बोलू देणारे पॉडकास्ट मी महिनाभर शोधले, तेव्हा कुठे पॉडकास्ट चालवणाऱ्या एका ताईंनी होकार दिला. आवाज घुमू नये म्हणून मी खोलीभर गोधड्या टांगल्या. भाजी विकून मला शिकवणाऱ्या बाबांवरच ते पुस्तक होतं. त्या दिवशी बाबा धुतलेला सदरा घालून दाराबाहेर बसले. फोनवर ताईंनी विचारलं, "बाबा आहेत का? दोन शब्द बोलतील?" त्यांच्या वऱ्हाडीला लोक हसतील, या भीतीने मी म्हणालो, "शेतात गेलेत." बाहेर आलो तर बाबा म्हणाले, "बरं सांगतलं बापू. मले कोठं तसं बोलता येते?" तो भाग येऊन दोन वर्षं झाली. बाबांनी तो लावायला कधी सांगितलं नाही, आणि त्यांच्यासमोर लावायचं धैर्य मला अजून झालेलं नाही.