गवराबाईंच्या ओट्यावरचं ड्रॉइंग

तळवड्यात आमच्या शेजारच्या खोलीत गवराबाई राहतात. मूळच्या चाकणकडच्या, शाळा चौथीपर्यंत. इथल्याच एका छोट्या कारखान्यात त्या बावीस वर्षं इन्स्पेक्शनला आहेत. समोर ड्रॉइंग ठेवायचं, तयार पार्ट त्याच्याशी ताडून बघायचा, चुकलेला बाजूला काढायचा. हे मला ठाऊक होतं, पण माझ्या मुलीला, दिव्याला, त्याचा काही उपयोग होईल असं कधी मनात आलं नाही.

दिव्या मेकॅनिकलच्या डिप्लोमाला आहे. तिचं पहिल्या वर्षाचं ड्रॉइंग दोनदा राहिलं. या खेपेला सुटलं नाही तर तिसऱ्या वर्षाला प्रवेश नव्हता. वर्गातल्या बऱ्याच जणींना क्लास होते. आमच्या घरात शिकलेली म्हणजे मी, तीही इतिहासात बी.ए. वस्तू मधोमध कापली तर आतून कशी दिसेल, हेच दिव्याच्या डोळ्यांपुढे येत नव्हतं. सोडून देते आणि कंपनीत लागते, असं ती एका संध्याकाळी गवराबाईंच्या दारातल्या ओट्यावर बसून म्हणाली.

गवराबाई भाजी चिरत होत्या. त्यांनी वही मागून घेतली, पान नीट बघितलं आणि एक ढोबळी मिरची विळीवर उभी कापून तिच्यापुढे धरली.

"पातं लागलं तिथं रेघा मार. पोकळ हाय ते कोरं सोड. यवढंच हाय गं."

दुसऱ्या दिवसापासून फर्स्ट शिफ्ट सुटली की कारखान्यात त्यांच्या टेबलावर काम करणाऱ्या बायकाही ओट्यावर थांबू लागल्या. भेंडी, कारलं, दोडका, जे हाताला लागेल ते. कापण्याआधी दिव्याने आतलं चित्र काढायचं. चुकलं तर चहा तिने करायचा. पहिल्याच आठवड्यात आमची साखर संपली. परीक्षा तोंडावर असताना हा काय खेळ, म्हणून मी कुरकुरले. तुमचं बघूनच पोरगी घाबरती, असं गवराबाईंनी मला सगळ्यांसमोर सुनावलं. राग आला, पण खोटं नव्हतं. मग मीही पेन्सिल घेऊन बसले. माझा दोडका इतका चुकला, की दिव्या डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. कित्येक महिन्यांनी मी तिला तसं हसताना पाहिलं.

परवा निकाल लागला. शंभरात एकसष्ट. पोरगी अनवाणीच शेजारी धावली. गवराबाईंनी तिच्या गालांवरून हात फिरवून आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. मग तिला समोर बसवून विचारलं, "अन् एकोणचाळीस कुठं सांडले?"

दिव्या उठली आणि प्रश्नपत्रिका घेऊन आली.