प्रतिक्रियांचे मार्क

नवऱ्याला श्रीपेरुंबुदूरच्या मोटारींच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून आम्ही चेन्नईला आलो, आणि मी तिथल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवू लागले. विषय होता नव्या माध्यमांची समीक्षा. ब्लॉग तेव्हा नवीन होते आणि आमच्या विभागप्रमुखांना जे जे नवीन त्याचं भारी वेड. मुलांनी निबंध कागदावर लिहायचे नाहीत, वर्गाच्या ब्लॉगवर टाकायचे, असं त्यांनी ठरवलं. इथवर ठीक होतं. पण अर्धे मार्क लेखाला आणि अर्धे लेखाखाली आलेल्या प्रतिक्रियांना, हा नियमही त्यांचाच. प्रतिक्रिया जितक्या जास्त तितके मार्क जास्त, मग त्यात लिहिलेलं काही का असेना. शिवाय दोन्ही भागांत वेगवेगळं पास व्हायचं.

मुलं काय दूधखुळी होती? त्यांनी लगेच आपसात ठरवून टाकलं. एकाचा लेख आला की बाकीच्यांनी लॅबमध्ये बसून खाली ‘सुपर’, ‘फार सखोल विश्लेषण’ असं ठोकून द्यायचं आणि आपला लेख आला की परतफेड वसूल करायची. वर लेखात काय आहे हे बघायची तसदी कुणी घेत नसे. ते सगळं तपासायला बसलं की मला अक्षरशः शिसारी यायची.

एका मुलानं तर घाईघाईत विभागाचा कोरा नमुनाच ब्लॉगवर चढवला. वर ‘इथे शीर्षक लिहा’, खाली ‘इथे लेख लिहा’, बाकी पान रिकामं. त्याच्याखाली प्रतिक्रियांची ही रांग! ‘किती नेमकं लिहिलंस!’ एकीला तर शेवटच्या परिच्छेदानं विचारात पाडलं होतं. मी आधी हसले, मग लक्षात आलं, नियमाप्रमाणे त्याला प्रतिक्रियांचे मार्क भरभरून द्यावे लागणार होते.

ते पान कोरं आहे, हे वर्गातल्या एकाच मुलीच्या लक्षात आलं. जॉर्ज टाउनमधल्या मिरची-मसाल्याच्या घाऊक व्यापाऱ्याची ती मुलगी. वडिलांनी एका अटीवर शिकायला पाठवलं होतं: एका जरी पेपरात नापास झालीस तर कॉलेज बंद आणि लग्न. तिनं आपला निबंध त्या कोऱ्या पानाविषयीच लिहिला. आपण इथे वाचत नाही, नुसती हजेरी लावतो, आणि मार्क देणारे तीच हजेरी मोजतात, असं तिनं उदाहरणांसकट दाखवून दिलं होतं. सबंध वर्षात मला मिळालेली ती एकमेव खरी समीक्षा. तिच्याखाली एकही प्रतिक्रिया आली नाही. येणार कशी? सगळ्यांचीच सालटी काढली होती तिनं. माझी प्रतिक्रिया धरली जाणार नव्हती, कारण मी शिक्षक.

मी तडक विभागप्रमुखांकडे गेले. ते कॉफी पीत होते.

“मॅडम, ज्याला प्रतिसाद नाही ते माध्यमच नव्हे,” ते म्हणाले.

“सर, तुम्ही तो लेख वाचलात का?”

“तुम्ही वाचलात ना? मग झालं.” आणि अगदी उदारपणे म्हणाले, “तिला आठवडाभराची मुदत देऊ. दुसऱ्यांना चार बरे शब्द लिहू दे. तिलाही मिळतील.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी मात्र शांतपणे तिला बोलावून मुदतीचं सांगून टाकलं.

दुसऱ्याच दिवशी तिचा लेख ब्लॉगवरून गायब. त्याच्या जागी चेन्नईजवळच्या कोवलमच्या किनाऱ्यावरच्या होड्यांचा फोटो आणि खाली समुद्र, माणुसकी आणि इंटरनेट यांवर चार गुळगुळीत ओळी. संध्याकाळपर्यंत तिनं वर्गातल्या झाडून सगळ्यांच्या लेखांखाली ‘सुपर’ लिहिलं होतं, आणि तिच्या होड्यांखाली प्रतिक्रियांचा नुसता पूर आला.

मी तिला जिन्यात गाठलं. “का काढलास तो लेख?”

“घरी अप्पांना काय सांगू मॅडम? नापास झाले, पण लेख चांगला होता?”

पुढे निकाल लागला. ती वर्गात पहिली आली.

कॉलेज संपल्यावर काही महिन्यांनी ती मैसूरपाकाचा डबा घेऊन घरी आली. एका बातम्यांच्या वेबसाइटवर नोकरी लागली होती. लग्नाचा विषय अप्पांनी स्वतःच मागे टाकला होता. चेहरा आनंदानं फुलला होता. मलाही मनापासून बरं वाटलं. काम काय, असं विचारलं.

“बातम्यांखाली वाचकांच्या नावानं प्रतिक्रिया लिहायच्या. रोज वेगवेगळी नावं घ्यायची, म्हणजे खूप लोक वाचतायत असं वाटतं. मुलाखतीत मी होड्यांचं पान दाखवलं, तिथल्या तिथे घेतलं मला.”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी शोधला, पण नव्हता.

“सगळं तुमच्याच पेपरात शिकले, मॅडम,” असं म्हणून ती माझ्या पाया पडायला वाकली.