शिरीषची रोडस्टर आणि तेवीस नंबरचा बग

एखादी वस्तू घरात चार वर्षं पडून राहिली की तिच्यावर धूळ साचते. शिरीषच्या गॅरेजमधल्या गाडीवर धूळ साचायची सोय नव्हती, कारण तो ती रोज पुसायचा. म्हणून मग तिच्यावर किस्से साचले! गेल्या नोव्हेंबरमध्ये ती गाडी एकदाची विकली गेली आणि शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या आमच्या अख्ख्या ग्रुपने हुश्श केलं. आता सांगायला हरकत नाही.

शिरीष माझा शेजारी. मूळचा पुण्याचा, नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये. म्हणजे दुसऱ्याच्या कामातल्या चुका शोधायच्या, त्यांना नंबर द्यायचे आणि त्याबद्दल पगार घ्यायचा. चार वर्षांपूर्वी त्याला हुक्की आली, की आपण स्वतःच्या हाताने हॉट रॉड बांधायची. दिसायला आजोबांच्या काळातली दोन सीटची उघडी रोडस्टर, पण बॉडी फायबरची, इंजिन दांडगं आणि सगळं कोरं करकरीत.

त्या दिवसापासून त्याची बायको मेधा हिची गाडी बाहेर ड्राइव्हवेवर आली. चार हिवाळे ती रोज सकाळी काचेवरचा बर्फ खरवडून ऑफिसला गेली. शेवटी तिने अट घातली. "गाडी झाली की विकायची. आणि या वर्षीचा पहिला बर्फ माझ्या गाडीवर पडला ना शिरीष, तर मी माहेरी, नागपूरला जाईन. वन वे!"

मेधा बोलते ते करते, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

* * *

गाडी उभी राहिली तेव्हा शिरीषने मेधाच्या बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवली. फोन धरून तो गाडीभोवती दोन चकरा मारून आला. लाल रंग, चकचकीत पाइप, उघडं इंजिन, सगळं दाखवलं.

बाबा सगळं शांतपणे बघत होते. मग म्हणाले, "छान आहे. छप्पर नाही, मडगार्ड नाही, दाराला हँडल नाही. उरलेलं पार्सल कधी येतंय?"

* * *

इंजिन पहिल्यांदा सुरू करायचं म्हणजे पूजा हवी. सामान आणायला मी, शिरीष आणि मेधा माझ्या गाडीतून शिकागोतल्या डेव्हन ॲव्हेन्यूला, देशी दुकानांच्या रस्त्यावर गेलो. मार्च महिना, वारा असा की कान गळून पडतील. मेधाने लोकरीची टोपी कपाळावर ओढायची म्हणून टिकली काढली आणि सवयीने समोरच्या आरशावर चिकटवली. तिच्या घरी बाथरूमचा आरसा, मायक्रोवेव्हचं दार, सगळीकडे टिकल्या असतात. शिरीषने त्यावर बोलणं सोडून दिलंय.

नारळ घेतला, हळद-कुंकू घेतलं, सामोसे खाल्ले, घरी आलो. टिकली तिथेच राहिली.

दुसऱ्या दिवशी माझी बायको प्राची ती गाडी घेऊन बाहेर पडली. ती टिकली लावत नाही! मला ते प्रकरण निस्तरायला तीन दिवस लागले.

* * *

पूजेला गुरुजी पुण्याहून ऑनलाइन. लॅपटॉप खुर्चीवर, खुर्ची गाडीसमोर, आम्ही पंधरा जण जाकिटं घालून गॅरेजमध्ये. नारळ फुटला, चाकाखाली लिंबं ठेवली आणि गुरुजी म्हणाले, "हं, यजमान, आता वाहन सुरू करा."

शिरीषने किल्ली फिरवली. असा आवाज झाला की शेल्फवरचे रंगाचे डबे खाली आले, शेजारचा कुत्रा सोफ्याखाली गेला आणि लहान मुलं रडायला लागली. शिरीषच्या डोळ्यांत पाणी! चार वर्षांची मेहनत बोलत होती.

तेवढ्यात लॅपटॉपमधून गुरुजी ओरडले, "कोणाकडून तरी फार नॉइज येतोय! सगळ्यांनी म्यूट व्हा!"

मेधा मात्र तेव्हाही गॅरेजच्या दारातच उभी होती. "या डब्यात मी पाय ठेवणार नाही," असं तिने पहिल्या दिवशीच जाहीर केलं होतं.

* * *

उन्हाळ्यात नंबर प्लेट आली, सप्टेंबरमध्ये जाहिरात गेली. आणि इथेच शिरीषमधला टेस्टर जागा झाला. त्याने गाडीतल्या त्रुटींची, त्याच्या भाषेत बगची, यादी तयार केली. एकूण एक्केचाळीस! नंबर, वर्णन, गंभीरता, सगळे कॉलम. गिऱ्हाईक आलं की एका हातात चहा आणि दुसऱ्या हातात यादी.

नंबर चार: डावं दार जोरात लावलं तर उजवं उघडतं. नंबर अकरा: पावसात चालवू नये. नंबर बारा: पाऊस येईल असं वाटत असेल तरी चालवू नये.

पहिला माणूस आला तो गाडी बघून खुळावलाच होता. चेकबुकच काढलं त्याने! शिरीष म्हणाला, "थांबा, आधी हे वाचा." माणसाने सतरा नंबरपर्यंत वाचलं, चहा संपवला आणि जाताना म्हणाला, "तुम्ही घरात नसतात तर मी गाडी घेतली असती."

पुढच्या वेळी मेधाने शिरीषला खरोखरच किराणा आणायला पाठवलं. तो यादी गाडीच्या सीटवर ठेवून गेला होता.

* * *

मग मिनेसोटातल्या ईडन प्रेरीहून एक मराठी कुटुंब आलं. सहा-सात तास ड्राइव्ह करून! नवरा, बायको, दोन मुलं. आम्हाला वाटलं, आता जमलं.

नवऱ्याने विचारलं, "मायलेज किती देते?" शिरीषने खरं सांगितलं. नवऱ्याने बायकोकडे पाहिलं.

बायकोने विचारलं, "चाइल्ड सीट कुठे बसणार?" शिरीष म्हणाला, "नाही बसणार." "तांदळाची पोती?" "तीही नाही."

धाकट्या मुलीने गाडीकडे पाहून विचारलं, "डॅडी, व्हेअर इज द रेस्ट ऑफ इट?"

त्यांनी दोनदा पोहे घेतले, ढोकळ्याची रेसिपी घेतली आणि गेले. ऑक्टोबर उजाडला होता. मेधा रोज फोनवर हवामान बघायची आणि शिरीष तिच्या तोंडाकडे.

* * *

आता तेवीस नंबर. तेवीस नंबरचा बग असा होता: "ओडोमीटर आपोआप वाढतं. कारण अज्ञात."

शिरीष प्रत्येक फेरीची नोंद ठेवायचा. सगळ्या फेऱ्या मिळून झाले अडतीस माइल्स, आणि मीटर दाखवत होतं एकशे चार! त्याने सेन्सर बदलला, केबल बदलली. एका शनिवारी आकडा लिहून ठेवला, आठवडाभर गाडी जागची हलवली नाही. पुढच्या शनिवारी बघतो तर बारा माइल्स जास्त.

"अरे यार, बंद गाडीचं मीटर वाढतं कसं?" बिचाऱ्याची झोप उडाली. "हा बग सापडल्याशिवाय मी गाडी विकणार नाही. विकताना मीटरच्या आकड्यावर सही करावी लागते. खोटी सही मी करणार नाही."

मी म्हटलं, "गॅरेजमध्ये कॅमेरा लाव."

मेधा किचनमधून म्हणाली, "कॅमेरे कसले लावताय? विका आधी!" आणि शिंकली. त्या महिन्यात तिला सारखी सर्दी होत होती.

* * *

नोव्हेंबरच्या दुसऱ्या शुक्रवारी संध्याकाळी वॉल्ट आला. स्कूल बस चालवून रिटायर झालेला म्हातारा. आभाळ भरून आलेलं, फोनवर रात्री बर्फाचा इशारा, मेधाची गाडी ड्राइव्हवेवर. शिरीष नुकताच ट्रेनमधून उतरून आलेला, त्या दिवशी गाडी पुसायचीही राहिलेली. मी नैतिक आधार म्हणून हजर.

वॉल्टने चष्मा लावून यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मग म्हणाला, "माझ्या बायकोने माझी यादी केली असती तर याहून लांब झाली असती. चाळीस गोष्टी मला मंजूर आहेत. पण हे तेवीस नंबर नाही जमणार. खोट्या मीटरच्या कागदावर मी सही करत नाही."

"मीही करत नाही," शिरीष म्हणाला.

झालं! दोन प्रामाणिक माणसं एकमेकांसमोर मान हलवत उभी. मेधाने आभाळाकडे पाहिलं. मला डोळ्यांसमोर नागपूरचं विमान दिसायला लागलं.

"निदान एकदा बसून तरी बघतो," असं म्हणून वॉल्ट आत बसला. आरसा सरळ करायला हात वर केला आणि थबकला. "हा लाल ठिपका कसला? हा तर यादीत नाही."

शिरीष वाकला. आरशाच्या कोपऱ्यात, नीट चिकटवलेली, मरून रंगाची टिकली.

शिरीषने टिकलीकडे पाहिलं. मग मेधाकडे पाहिलं. मेधा म्हणाली, "बर्फ पडेल हं आता. लवकर आटपा."

शिरीषने खिशातून पेन काढलं. वॉल्टच्या हातातल्या यादीवर तेवीस नंबर शोधला आणि त्यावर एक सरळ रेघ मारली.

"म्हणजे मीटर बरोबर आहे?" वॉल्टने विचारलं. "कधी रिपेअर केलंत?"

शिरीषने टिकली अलगद काढून स्वतःच्या शर्टच्या खिशात ठेवली.

"आत्ताच," तो म्हणाला.