स्टेशनाची दोन पानं

माझं माहेर शहरातलं, रेल्वे स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर. तलवाड्याजवळच्या सासरी या गोष्टीचा मी जरा जास्तच तोरा मिरवत असे. त्यामुळे दुष्काळाच्या वर्षी आमच्या बायकांच्या दूध संस्थेला लांबच्या प्रशिक्षणाचं बोलावणं आलं, तेव्हा नऊजणींना स्टेशन समजावून सांगायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. आगगाडीत आजवर एकही बसली नव्हती. गाडी चुकली असती तर गावातल्या पुरुषांना वर्षभर पुरेल एवढा विषय मिळाला असता, आणि पुन्हा कुणीच बायकांना एवढ्या लांब सोडलं नसतं.

मी दोन पानं लिहून काढली. सकाळी दूध घालून झालं की रोज वाचून दाखवायची. एस.टी.सारखा हात केला म्हणून गाडी थांबत नाही. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरता येत नाही. मोठ्या घड्याळाखाली जमायचं, पूल चढायचा, तिसऱ्या फलाटावर उतरायचं. आठ दिवसांत सगळ्यांना तोंडपाठ झालं. संस्थेच्या अध्यक्ष माझ्या सासूबाईच, त्यांना मी आत्याबाई म्हणते; त्या तर झोपेतही पूल चढत असाव्यात.

एस.टी.नं स्टेशनावर पोचलो आणि सगळं पानांबरहुकूम झालं. गाडी लागली. मी डब्याच्या दारात उभी राहून मोजलं, तर चौघीच आत. बाकीच्या पाचजणी पार फलाटाच्या टोकाला, पाण्याच्या नळांपाशी.

चार नळ होते आणि चारही गळत होते. गावात टँकर यायचा दर चौथ्या दिवशी. यांच्याच्यानं पुढे पाऊल टाकवेना. तीन नळ आवळून झाले होते. चौथ्याचे आटे गेलेले, म्हणून आत्याबाई पदराचा काठ फाडून त्याला बांधत होत्या. मी धावत जाऊन ओरडले, हे नळ काय आपले आहेत का, गाडी सुटतेय.

मान वर न करता त्या म्हणाल्या, "गाठ तेवढी बसू दे."

शिट्टी झाली. गाठ बसली. जो डबा समोर आला त्यात सहाजणी कशाबशा चढलो, आणि गाडी हलली.

रागानं मी तासभर तीच दोन पानं उलटत बसले. मग आत्याबाईंचा ओला, फाटका पदर दिसला. चांगलं लुगडं त्यांनी एवढं एकच आणलं होतं. मला लाज वाटली. ते नळ मी लहानपणापासून बघत आले होते, पण ते गळतात हे काही माझ्या पानांत आलं नव्हतं.

पुढच्या वर्षी शेजारगावच्या संस्थेच्या बायका पानं मागायला आल्या. मी शहाणपणानं शेवटी एक ओळ घातली, नळांकडे लक्ष देऊ नये. आत्याबाईंनी ती वाचून घेतली.

"खोड ते."

"मग काय लिहू, आत्याबाई?"

"एक एस.टी. आदी निघा म्हनून लिही. नळापाशी येळ लागतो."